पिल्लांचे दूध तोडण्याची घाई थांबवणाऱ्या डॉक्टरांस अनावृत आभारपत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

आमच्या सोनी या कुत्रीची सहाही पिल्ले आता आपापल्या नव्या घरी रुळली असून व्यवस्थित खाऊ-पिऊ लागली आहेत, हे आपणांस कळवावे आणि त्या निमित्ताने आपले मनापासून आभार मानावेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांना वाचता येईल असे लिहिण्याचे कारण एवढेच की, आमच्या करवीर तालुक्यात वासरू किंवा रेडकू केव्हा आणि कसे तोडावे हे कोणाही शेतकऱ्यास विचारले तर नेमके उत्तर मिळते. कुत्रीच्या पिल्लांविषयी मात्र "महिन्याचे झाले की उचला" यापलीकडे कोणी काही सांगत नाही.

पिल्लांचे डोळे उघडून जेमतेम आठवडा झाला असेल, तेवढ्यातच आमच्याकडे मागणी सुरू झाली. लहानपणी नेलेल्या पिल्लालाच माणसाचा लळा लागतो, असा प्रत्येकाचा ठाम समज होता आणि मागणाऱ्यांत घरचीच माणसे असल्यामुळे नाही म्हणणे अवघड होते. त्या वेळी आपण आम्हांला कॅलेंडरवर खूण करायला सांगितले नाही. पिल्लांच्या हिरड्यांवरून बोट फिरवून पाहायला आणि सोनी कशी वागते यावर लक्ष ठेवायला सांगितले. तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात टोचू लागतात आणि तिथून पुढे आईच दूध तोडायला आरंभ करते, आपण फक्त तिच्या मागून चालायचे, हे आपले म्हणणे आम्ही पडवीत बसून अक्षरशः पाहिले. पूर्वी आडवी पडून तासन्‌तास पाजणारी सोनी उभ्यानेच पाजू लागली, मध्येच चालू लागली, तर एखादे चिवट पिल्लू सडाला लोंबकळत चार पावले फरफटत जाई. आणि पिल्लांना चढता येणार नाही अशा ओट्यावर जाऊन ती निवांत बसू लागली. तिचे गुरगुरणे ऐकून आमच्या आईला वाटले की हिने पिल्ले टाकली. पण सुईसारखे दात सडात रुतत असतील तर कोणतीही आई एवढे तरी करणारच, हे आपण फोनवर हसत सांगितलेत.

त्याच सुमारास सोनीने खाल्लेले अन्न पिल्लांसमोर ओकून टाकले आणि पिल्ले त्यावर तुटून पडली. घरात एकच गहजब झाला. कुत्र्याच्या जातीत आई पिल्लांना पहिला घास अनेकदा असाच भरवते, तो आजार नव्हे, तिला ओरडू नका आणि तिचा खुराक थोडा बारीक करून द्या, हे आपले उत्तर मिळाले नसते तर आम्ही तिला औषधे पाजत बसलो असतो.

अन्नाविषयी आपण जे सांगितलेत ते इथे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. कोल्हापूरच्या माणसाला "दूध पाजू नका" असे सांगणे सोपे नाही, त्यातून म्हैस घरची असेल तर मुळीच नाही. परंतु कुत्रीच्या दुधात प्रथिने गायीच्या दुधाच्या दुपटीहून अधिक असतात आणि दुग्धशर्करा कमी. म्हशीच्या दुधात साय भरपूर असली तरी प्रथिने अपुरी आणि शर्करा जास्त, म्हणून नुसत्या दूध-भाकरीवर ठेवलेली पिल्ले बहुधा ढाळतात आणि पोट फुगूनही अंगाने वाळतात, हे कारण समजल्यावर आमच्या आईचाही विरोध मावळला. मग पिल्लांचे कोरडे खाद्य कोमट पाण्यात भिजवून, बोटांनी मोडून, पेजेइतके पातळ करून पसरट ताटलीत ठेवले. पहिल्या दिवशी ते पोटात कमी आणि पंजांना, कानांना, एकमेकांच्या पाठींना अधिक गेले. सोनीने येऊन सगळ्यांना चाटून स्वच्छ केले आणि ताटलीही पुसून टाकली. पुढे दिवसातून चार वेळा थोडे-थोडे देत पाणी हळूहळू कमी केले. कधी मऊ भातात कोंबडीचे मांस उकडून कुस्करून घातले, पण आमच्याकडचे अळणी, म्हणजे तिखट न घालता शिजवलेल्या मांसाचे पाणी, मात्र कटाक्षाने टाळले, कारण त्यात तिखट नसले तरी कांदा-लसूण आणि मीठ असतेच, आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो.

सोनीला एकाएकी दूर बांधू नका, ही आपली ताकीद सर्वांत मोलाची ठरली. दूध भरलेले आणि पिणारे कोणी नाही, अशी स्थिती अचानक आली तर सड तटतटतात, गरम व कठीण होतात आणि दाह होऊन ताप येतो. म्हणून प्रथम तिला थोडा वेळ शेतावर नेले, त्या वेळेत पिल्लांना भुकेल्या पोटी ताटली दिली आणि हा वेळ वाढवत नेला. पिल्ले लहान होती तेव्हा तिला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाणे लागत होते, तेही याच ओघात उतरवत आणले. शेवटी शेवटी मागचे सड जरा भरलेले दिसत, तेव्हा शेजारच्यांनी पिळून काढायचा सल्ला दिला. पिळले की शरीर आणखी दूध तयार करते, हे आपण आधीच बजावले असल्यामुळे आम्ही हात लावला नाही. पिल्लांची नखे कापत राहिल्यामुळे तिला ओरखडेही आले नाहीत.

सहाव्या आठवड्यात पिल्ले खाऊ लागली होती, म्हणजे आता द्यायला हरकत नाही, असे आम्हांलाही वाटले असते. दूध तुटणे वेगळे आणि आई तुटणे वेगळे, हे आपण तेव्हा स्पष्ट केलेत. भावंडाला जोरात चावले की ते किंचाळून खेळ सोडते, आईला चावले की ती तोंड धरून दाबते, आणि दात किती जोराने लावायचे हे पिल्लू यातूनच शिकते. ते न शिकता गेलेले पिल्लू पुढे घरातल्या मुलांचे हात फोडते. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वानप्रजनन व विक्री नियमांतही आठ आठवड्यांखालील पिल्लू विकण्यास मनाई आहे. आम्ही विकत नव्हतो, तरीही आपण सांगितलेली ही गोष्ट नातेवाईकांपुढे फार कामाला आली. आमच्या शब्दाला जे मान देत नव्हते, ते सरकारी नियम ऐकून थांबले!

जंतांचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला, आणि त्याच वेळी सोनीलाही दिले. लसीकरणाची नोंदवही प्रत्येक पिल्लाबरोबर दिली असून, आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरेपर्यंत एक लस पुरत नाही, सोळा आठवड्यांपर्यंत पुढच्या मात्रा द्याव्याच लागतात, हे नेणाऱ्या प्रत्येकाला आपल्याच शब्दांत सांगितले आहे. ज्या खाद्याची सवय आहे तेच आठवडाभर पुरेल इतके सोबत बांधून दिले.

गायी-म्हशींच्या गर्दीतून वेळ काढून, एका गावठी कुत्रीच्या पिल्लांसाठी आपण इतक्या बारकाईने लक्ष दिलेत, याबद्दल आम्ही सर्व कुटुंबीय आपले ऋणी आहोत. सोनीचे दूध आता पूर्ण आटले आहे आणि सडही मूळ आकाराला आले आहेत. तिच्या नसबंदीसाठी कधी घेऊन यावे आणि आदल्या रात्री किती वाजेपर्यंत खायला द्यावे, ते कृपया कळवावे.

आपला नम्र,
सोनीचा पालक
(तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर)