ताम्हिणीतल्या टेम्पोवाल्या दादांचे आणि मावशींचे आभार

एकमेकांना फक्त टोपणनावाने ओळखणारे आम्ही काहीजण पहिल्यांदाच भेटून मुळशीहून माणगावकडे निघालो होतो. भर पावसात भाड्याच्या गाडीचं चाक बसलं. स्टेपनी काढली, तर तीही पंक्चर! मोबाइलला रेंज नाही (ताम्हिणीत ती कधी असते म्हणा). त्यात ‘सह्याद्रीचा वाघ’ जळवांच्या भीतीने गाडीतून उतरेना.

तेवढ्यात कोंबड्यांचा टेम्पो थांबला. दादांनी आधी वाघाला खाली उतरवलं. मग स्टेपनी खुराड्यांवर बांधली, आमच्यातल्या एकाला केबिनमध्ये घेतलं, माणगावात पंक्चर काढून दिलं आणि घाट चढणाऱ्या ओळखीच्या गाडीत त्याला चाकासकट बसवून दिलं. पैसे पुढे केले तर म्हणाले, “राहू द्या, कोंबड्यांना कुठं घाई आहे!”

इकडे टपरीवाल्या मावशींनी आमचे चिंब मोजे चुलीपाशी वाळत घातले, कणसं भाजून दिली आणि जॅकखाली ठेवायला स्वतःच्या पायरीचा सपाट दगड काढून दिला. तो परत बसवूनच आम्ही निघालो.

दादा, मावशी, मनापासून आभार. नावं विचारली नाहीत; आम्हाला तशी सवयच नाही. आणि मावशी, वाघाचा एक मोजा तिथेच राहिलाय. फडकं म्हणून खुशाल वापरा.