80 च्या पुढे

साखळी, रविवार

प्रिय बाळ्या,

चवथीला फोन करतो म्हणालो आणि केला नाही. राग धरू नकोस. तब्येत ठीक, साखर आटोक्यात. आज लिहायला बसलो कारण हे घरात कुणापाशी बोलता येत नाही.

परवा भाडं घेऊन मोल्याहून येत होतो. जंगलातल्या सरळ रस्त्यावर पुढे टँकर. त्याला ताशी 60 चा गव्हर्नर, म्हणजे त्यापुढे वेग जाऊ न देणारं यंत्र, मला 80 चा. समोर मोकळं दिसलं म्हणून गाडी बाहेर काढली. टँकरच्या मधल्या चाकांपाशी आलो आणि समोरून बस. पाय तळाला टेकवला तरी गाडी 80 च्या पुढे सरकेना. ब्रेक दाबून मागे घुसलो. मागच्या सीटवरच्या बाईंच्या बांगड्या किती तरी वेळ किणकिणत होत्या.

रात्री वहीवर हिशेब मांडला. ताशी 20 चा फरक म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. टँकर ओलांडून आपल्या बाजूला यायला 45 मीटर धर, आठ सेकंद गेले. तेवढ्यात मी 180 मीटर पुढे, बस माझ्याच वेगाने आली तर तीही तितकीच. एवढा रस्ता मला दिसतच नव्हता, बाळ्या.

2018 च्या जानेवारीत गव्हर्नरविरुद्ध टॅक्सीवाल्यांचा संप झाला, तेव्हा तू म्हणालास, 'पाहुणे घेऊन शंभरने पळायचंय कशाला?' मी फोन आपटला होता. तुझ्या त्या स्कूटरवरून वेगाच्या गोष्टी सांगतोस म्हणूनही चिडलो होतो!

आता पोरगा म्हणतो, गव्हर्नरची वायर सोडवून घेऊ, पासिंगला परत जोडू. मेकॅनिक तयार आहे. दिवसा गाडी माझ्याकडे, रात्री त्याच्याकडे. परवाचं सांगितलं तर तो उद्याच वायर काढेल.

तुझ्या लेकीकडे जर्मनीत जुलै 2024 पासून नव्या गाड्यांत वेगमर्यादा ओळखून इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली, पण चालकाने पाय दाबला की गाडी त्याचं ऐकते. तशी सोय आपल्याकडे हवी असं परवापासून वाटतं. आणि लगेच वाटतं, पोरगा रोजच पाय दाबेल.

बांद्याची रात्र आठवते ना? दादूची गाडी 110 वर होती. 80 च्या धडकेपेक्षा 110 ची जवळजवळ दुप्पट जोराची. 'दादू, हळू' असं मी म्हणालो होतो, असं तू सगळ्यांना सांगतोस. मी म्हणालो नव्हतो.

वहिनींचा गुडघा कसा आहे? फ्लॅटचा ताबा मिळाला का?

पोराला तू फोन कर. दादूचं सगळं सांग, माझ्या तोंडून निघत नाही. रात्री नको, तेव्हा तो गाडीवर असतो.

तुझा,
बाबल