तक्रार: औषध कसं द्यायचं हे न सांगता बाटली हातात दिल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक,
प्राण्यांचा दवाखाना, बेळगाव शाखा

आत्ताच पाचव्यांदा फोन ठेवला आणि लिहायला बसलो.

मेलॉक्सिकॅम, म्हणजे तुम्ही दिलेलं दुखण्याचं औषध, काय आहे हे तुम्हाला माहीतच आहे. पहिल्या दिवशी किलोला ०.२ मिलिग्रॅम, दुसऱ्या दिवसापासून निम्मं, आणि खाऊ घालून मगच. मला हे आता कळलंय. त्या दिवशी काउंटरवर एकानंही तोंड उघडलं नाही. चिठ्ठीवर नुसतं '३.२ मिली'. आमच्या २४ किलोच्या मुधोळ कुत्र्याला, खंड्याला, मी तीन दिवस ३.२ च पाजलं. दुसऱ्या दिवसापासून १.६ हवं होतं.

वर खाजेसाठी त्याला प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू होतं. तेही तुमच्याच डॉक्टरांनी दिलेलं, तुमच्याच कॉम्प्युटरवर नोंदलेलं. दोन्ही एकत्र पोटात गेली की अल्सर होऊन रक्त जाऊ शकतं. एकानं विचारलं नाही, एकानं सांगितलं नाही.

तिसऱ्या रात्री उलट्या, सकाळी डांबरासारखी काळी शी. तुमच्याकडे फोन लावला. बाई म्हणाल्या, "सर, बाटलीवर सगळं लिहिलेलं असतं." बाटली माझ्या हातातच होती. सूचनांवर तुमचंच किमतीचं स्टिकर! नखानं खरवडलं तर खालची अक्षरंही निघून आली. तसं सांगितलं, तर म्हणाल्या, "मग घेतानाच विचारायचं होतं." ज्याला काही माहीतच नाही, तो काय विचारणार? पुढे म्हणाल्या, "कुत्रा जिवंत आहे ना?" आहे म्हटलं. "मग तक्रार साधारणमध्ये टाकते."

हे वाक्य डोक्यातून जात नाही. चार वर्षं प्रत्येक लस तुमच्याकडेच टोचली, खानापूरहून एसटीनं आणून.

शेवटी सरकारी डॉक्टरांनी दुखण्याचं औषध बंद केलं, सलाईन लावलं. त्यांची भाषा कन्नड. तरी केसपेपरच्या मागं मराठीत लिहून दिलं: काय बंद, काय चालू, शी काळी झाली तर लगेच आणा. एक वेलांटी चुकली आहे. तो कागद मी जपून ठेवलाय. तुम्ही कन्नडात सांगितलं असतं तरी मला कळलं असतं. सांगितलंच नाही.

उपचाराचा खर्च द्या. सूचनांवर स्टिकर लावणं बंद करा. प्रत्येक औषधासोबत किती, कधी, किती दिवस आणि काय दिसलं तर थांबवायचं, हे कन्नड-मराठीत लिहून द्या. १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर बाटली, चिठ्ठी आणि बिलं घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात जाणार.

खंड्या अजून भाकरी हुंगतो आणि बाजूला होतो.

आपला ग्राहक
खानापूर, जि. बेळगाव