पट्टा

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी व्हिडिओ कॉलवर तू चहाचा कप डाव्या हाताने उचललास. मग उजवी बाही खाली ओढलीस, पण तेवढ्यात मनगटाचा काळा पट्टा मला दिसला. बाबा शेजारी होते, म्हणून मी तिथल्या थंडीचं विचारलं. त्यांना अजून बोललेले नाही. फोनवर तू "काही नाही गं" म्हणून विषय उडवतेस, म्हणून लिहितेय.

हाताचं एकदाच विचारते. डॉक्टरला दाखवलंस का?

बोलोन्याच्या पुस्तकमेळ्याचा तुझा फोटो मी शकूआत्याला, वरच्या वहिनींना, सगळ्यांना दाखवला. चित्रकार आपापली चित्रं लावतात ती लांबलचक भिंत, आणि तिच्यावर आपली गंगावेशीतली म्हैस! दूध कट्ट्यावरचा तो पिवळा दिवासुद्धा तू सोडला नाहीस. बर्लिनमध्ये बसून तुला तो आठवला, याचंच मला फार वाटलं.

तू म्हणाली होतीस, जर्मनीत चित्रकाराचा मूळ हक्क विकताच येत नाही, फक्त वापरायची परवानगी द्यायची. मी बाबांना सांगितलं तर ते कितीतरी वेळ गप्प बसले. महाद्वार रोडवरचे त्यांनी रंगवलेले निम्मे बोर्ड फ्लेक्स आल्यावर भंगारात गेले. विचारायला कोणी आलं नाही.

तू लहान होतीस, तुला आठवणार नाही. गणपतीच्या आधीचा महिना, मंडळांचे बोर्ड. रात्री दोनला बाबा शिडीवर उभे राहून डाव्या हाताने उजवं कोपर उचलून धरायचे आणि ब्रश फिरवायचे. खाली रंगाचा डबा घेऊन मी. "दुखतंय?" विचारलं की म्हणायचे, "उद्या दाखवतो." तो उद्या चार महिन्यांनी उगवला. आजही शर्टाची उजवी बाही मीच चढवते. तू हे बघतच मोठी झालीस, तरी पट्टा बांधून बसतेस?

त्या कलाकारांच्या विम्याचे कागद पाठवलेस का? क्युन्स्टलरझोत्सियालकासे, मी वहीत लिहून ठेवलंय. हप्ता निम्मा तू भरायचा, निम्मा त्यांच्याकडून. वर्षाला ३,९०० युरोच्या वर कमाई लागते, पण नवीन माणसाला पहिली तीन वर्षं ती अट नाही, हे तूच सांगितलंस. मग अडलंय कुठे? आणि आजारपणाचे पैसे त्यातही सातव्या आठवड्यापासून मिळतात. म्हणजे हात थांबला तर सहा आठवडे तुझे तू. तेवढं भाडं आणि किराणा बाजूला काढून ठेव. काम घेताना निम्मे पैसे आधी माग. दुरुस्त्या दोनच, तिसरीचे वेगळे. बारानंतर दिवा बंद.

बघ, लागलेच सांगायला. चुकलं माझं. दिलेली तारीख पाळली तरच पुढचं काम येतं, हे मला कळत नाही असं नाही. आपलं घर त्याच्यावरच चाललंय. आणि इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तेव्हा "चित्रं काढून पोट भरत नाही" असं मीच म्हणाले होते. ते मला अजून टोचतं. तू भरून दाखवलंस. मला भीती तुझ्या पोटाची नाही आता, हाताचीच आहे.

शेजारचा ओंकार पंधरा तारखेला म्युनिकला निघालाय. त्याच्याबरोबर भाजणी, कांदा-लसूण चटणी आणि नारायण तेलाची बाटली देतेय, तो तिथून पार्सल करेल. तेल कोमट करून लाव. पण त्यावर भागवू नकोस, डॉक्टरला दाखव.

येत्या रविवारी बाबा सकाळी तालमीत जातात तेव्हा, आपल्या साडेनवाला, तुझी झोपमोड होईल, तरी फोन कर. पट्टा काढून दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर धर. मुठी मिटून उघडून दाखव. मग मी बाबांना काय सांगायचं ते ठरवते.

तुझी,
आई