पंचाहत्तरी आणि केमो

संपादक महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला प्रोस्टेट कॅन्सरवरचा लेख वाचला. ‘पंचाहत्तरीनंतर केमो म्हणजे नुसते हाल’ हे ठळक चौकटीत टाकण्याआधी एखाद्या कॅन्सरतज्ज्ञाला फोन केला असता तर उपकार झाले असते. वृद्ध रुग्णाची केमोपूर्वी जी-८ चाचणी करतात. भूक, घटलेले वजन, चालणे-फिरणे, स्मृती, चालू गोळ्या असे आठ प्रश्न, १७ गुण. १४ किंवा कमी आले तर सविस्तर तपासणी. वयाचा प्रश्न एकच, आणि ऐंशीच्या आतल्याला त्यात पैकीच्या पैकी गुण! पंचाहत्तरीची रेघ आपण कुठून आणली?

केमोच्या औषधाबद्दल ‘डोसेटॅक्सेल ७५ मिलिग्रॅम’ असेही छापले आहे. ते शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ७५ असते. उंची-वजनावरून १.६ चौरस मीटर आले, तर १२० मिलिग्रॅम जाते. आता फाइलमध्ये १२० बघून ‘आजोबांना जास्त डोस दिला’ म्हणत नातेवाईक वॉर्डात भांडायला उभे राहिले, तर आपला वार्ताहर समजूत काढायला येणार का? अशक्त रुग्णाला तीनऐवजी दोन आठवड्यांनी ५० च्या हिशेबाने देता येते, त्यात पांढऱ्या पेशी कमी कोसळतात. त्याचा तर उल्लेखही नाही.

केस गळण्यावर दोन परिच्छेद, तापावर मात्र एक ओळ नाही. पांढऱ्या पेशी घटल्या की जंतुसंसर्गाने जीव जातो, आणि त्याची खूण म्हणजे ताप. या पेशी तळाला जातात साधारण सातव्या ते दहाव्या दिवशी, रुग्ण घरी असताना. पारा १००.४ फॅरनहाइटवर गेला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. त्याच रात्री रुग्णालय गाठायचे, सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी करायची, शिरेतून अँटिबायोटिक सुरू करायचे. सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असते, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला ताप चढेलच असे नाही. हुडहुडी भरली किंवा असंबद्ध बोलू लागला, तरी निघावे. आणि गजकर्णासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली इट्राकोनॅझोलची गोळी आधी डॉक्टरांना दाखवावी. ती यकृतात डोसेटॅक्सेलचा निचरा अडवते, मग पेशी आणखी खाली जातात.

जाता जाता, त्याच पानावर खाली ‘प्रोस्टेट मुळापासून बरा’ करणाऱ्या काढ्याची पाव पान जाहिरात होती. यकृत बिघडल्याची खूण असलेले रक्तातले बिलिरुबिन वाढलेले असेल तर डोसेटॅक्सेल देत नाहीत. त्या काढ्यात काय काय असते आणि ते यकृताला झेपते का, हे जाहिरात विभागाने विचारले होते का? दुरुस्ती छापाल तेव्हा निदान तिच्याशेजारी तो काढा नसावा.

– एक वाचक, मिरज