‘पाय कुठे होते?’ असे विचारणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

पहिल्या शनिवारी मुलांनी आपल्याला ‘सर’ म्हणून हाक मारली, तेव्हा ‘सर शाळेत असतात, मी मैदानावरचा काका’ असे आपण म्हणालात. त्या दिवसापासून आमच्या वाचनगटात आपल्याला दुसरे नाव उरले नाही, म्हणून या पत्रातही मी तेच संबोधन वापरत आहे. आपले आभार मी समक्ष मानले होते. तरीही हे पत्र सर्वांना वाचता येईल अशा रीतीने लिहिण्याचे कारण एवढेच, की फुटबॉलमधले गोलकीपिंग शिकवणाऱ्या आपण आमच्या मुलांसाठी काय केलेत हे पुण्यातल्या इतर शिक्षकांनाही कळावे असे मला मनापासून वाटते, आणि ते समक्ष भेटीतल्या दोन वाक्यांत मावणारे नव्हते.

आमचा गट लहान आहे. पर्वतीच्या पायथ्याशी आणि दांडेकर पुलाच्या आसपास राहणारी, मराठी माध्यमातून नववीत शिकणारी एकवीस मुले-मुली शनिवारी दुपारी एकत्र बसतात आणि एखादे पुस्तक सावकाश, मोठ्याने वाचतात. गेल्या पावसाळ्यात आम्ही माल पीट या ब्रिटिश लेखकाची ‘कीपर’ ही २००३ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी घेतली. अप्पा बळवंत चौकात ती मिळाली नाही; एका माजी विद्यार्थिनीने परदेशातून येताना तीन प्रती आणल्या, त्यांवरच सगळ्यांनी भागवले. मी एकेक उतारा इंग्रजीत वाचायचा, मग तो मराठीत सांगायचा आणि त्यानंतर बोलायचे, अशी पद्धत होती. विश्वचषक जिंकलेला एल गातो नावाचा गोलकीपर एका क्रीडापत्रकाराला मुलाखत देताना आपले बालपण सांगतो: दक्षिण अमेरिकेतल्या घनदाट जंगलाच्या कडेची लाकूडतोड्यांची वस्ती, उंच आणि हडकुळा म्हणून ‘करकोचा’ हे चिडवण्याचे नाव मिळालेला, फुटबॉल मुळीच न जमणारा मुलगा, जंगलातल्या एका मोकळ्या जागी अचानक दिसलेली गोलची चौकट, आणि त्या गोलापाशी त्याला शिकवायला येणारा, माणूस की भूत हे न कळणारा कीपर.

गोष्ट मुलांना आवडली होती, पण चर्चा होत नव्हती. ‘एल गातो यशस्वी का झाला?’ असे मी विचारले, की जिद्द, चिकाटी, परिश्रम ही तीन उत्तरे ठरलेल्या क्रमाने येत. ती चूक नव्हती; मात्र पुस्तक न उघडताही ती देता आली असती. माझे प्रश्नच तशी उत्तरे मागत होते, हे मला आपण आल्यानंतर कळले. त्याच सुमारास, एरवी गप्प बसणारा आमच्यातला सर्वांत उंच मुलगा एकदा म्हणाला, ‘बाई, ज्याला खेळता येत नाही त्यालाच गोलात उभं करतात. म्हणजे त्याला खेळातून काढलंच की.’ यावर काय बोलावे ते मला सुचले नाही, कारण मी स्वतः कधी गोलात उभी राहिले नव्हते. कोणाच्या तरी ओळखीने आपला पत्ता लागला आणि पहाटे मुलांना गोलकीपिंग शिकवून घरी निघालेल्या आपल्याला मी मैदानाच्या फाटकाशी गाठले.

आपण पहिली गोष्ट केलीत ती म्हणजे पुस्तक मागून घेतलेत. ‘मला इंग्रजी वाचायला वेळ लागतो, पण न वाचता मी मुलांसमोर बोलणार नाही’ असे म्हणून आपण आमच्या तीन प्रतींपैकी एक तीन आठवडे ठेवून घेतलीत आणि शब्दकोश घेऊन ती वाचलीत. या एका कृतीबद्दलही मी हे पत्र लिहिले असते. जाणकार पाहुणे शाळेत येतात, आपल्या आठवणी सांगतात, टाळ्या घेतात आणि जातात. मुलांच्या हातातले पुस्तक आधी स्वतः वाचून येणारा पाहुणा मी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता.

त्या उंच मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आपण वर्गात दिलेच नाहीत. आपण सर्वांना भर पावसात मैदानावर नेलेत, कारण जमीन मऊ असते तेव्हाच पडायला शिकावे असे आपले म्हणणे होते. मग एका टोकाच्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत मुलांना पावले मोजायला लावलीत. सव्वासात मीटरहून जास्त रुंद आणि जवळजवळ अडीच मीटर उंच अशी ती चौकट कागदावर लहान वाटते. तिच्यात एकटे उभे राहिल्यावर तिचा धाक कळतो. प्रत्येकाला तिथे उभे करून आपण समोरून चेंडू घेऊन येत होतात आणि आधी रेषेवर थांबायला, नंतर चार पावले पुढे यायला सांगत होतात. पुढे आले की मारणाऱ्याला गोल लहान दिसू लागतो, हे भूमितीच्या तासाला कोन शिकलेल्या मुलांना तिथे पहिल्यांदा अंगाने समजले. चेंडू आत गेला की आपण एकच विचारत होतात: ‘हाताचं सोड, चेंडू मारला तेव्हा तुझे पाय कुठे होते?’ मारण्याच्या क्षणी दोन्ही पाय जमिनीवर, वजन चवड्यांवर, शरीर स्थिर. हे साधले नसेल तर हात कितीही लांब असले तरी उपयोग नाही. पडताना कोपर किंवा मनगट आधी टेकवायचे नाही, पोटरी, मांडी, कंबर, खांदा अशा क्रमाने कुशीवर लोळत जायचे, हे मुली मुलांपेक्षा लवकर शिकल्या, याची नोंद मी आनंदाने करते.

पुढच्या शनिवारी आम्ही तेच उतारे पुन्हा वाचले आणि माझ्या वर्गात कधी झाली नव्हती अशी चर्चा झाली. जंगलातला कीपर त्या मुलाला उभे राहण्यापासून का शिकवतो, चेंडूकडे पाहणे आणि चेंडू मारणाऱ्याकडे पाहणे यांत काय अंतर आहे, अशा प्रश्नांवर मुले पान क्रमांक काढून भांडू लागली. तो उंच मुलगा म्हणाला, ‘त्याला गोलात टाकलेलं नाही, त्याची जागा दाखवलीय.’ त्यावर एका मुलीने लगेच हरकत घेतली, की जागा दुसऱ्याने दाखवली तर ती आपली कशी? हा वाद अर्धा तास चालला. बाहेर नदीपात्रातून ढोल-ताशा पथकांच्या सरावाचा आवाज येत होता आणि तरीही कोणाचे लक्ष विचलित झाले नाही.

पेनल्टीवरच्या चर्चेचा दिवस तर माझ्या वहीत जवळजवळ शब्दशः उतरला आहे. अकरा मीटरवरून जोरात मारलेला चेंडू साधारण अर्ध्या सेकंदात रेषेपाशी पोहोचतो, त्यामुळे गोलकीपरला पाहून ठरवायला वेळच मिळत नाही, हे आपण सांगितलेत. त्यावर मी इस्रायली संशोधकांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगितला: त्यांनी २८६ पेनल्टी तपासल्या, त्यांत सुमारे २९ टक्के चेंडू मधल्या भागात आले होते, पण गोलकीपर मध्ये थांबले होते ते केवळ सहा टक्के वेळा. आपण बराच वेळ काही बोलला नाहीत आणि मग म्हणालात, ‘उडी मारून गोल खाल्ला तर लोक म्हणतात प्रयत्न केला. उभं राहून खाल्ला तर म्हणतात झोपला होता. मीसुद्धा उडीच मारायचो.’ पंचवीस वर्षे खेळलेल्या माणसाने नववीतल्या मुलांसमोर हे इतक्या सरळपणे सांगितले, त्यामुळे त्या दिवशी मुलेही आपल्या भीतीबद्दल बोलली. फळ्यापाशी गेल्यावर उत्तर येत नसतानाही काहीतरी लिहून मोकळे होणारी मुले कोण, हे मला त्या तासाला समजले.

आमच्यातल्या एका मुलाला भुताचा प्रश्न सोडवायचा होता. ज्या संघाचे विमान जंगलात नाहीसे झाले त्या संघातला तो कीपर मेल्यावरही वाट का पाहतो, मेलेल्याला हरण्या-जिंकण्याचे काय, असे त्याचे म्हणणे होते. आपण त्याला खऱ्या माणसाची हकिकत सांगितलीत. १६ जुलै १९५० रोजी रिओच्या माराकाना मैदानावर उरुग्वेविरुद्ध ब्राझीलला विश्वचषकासाठी बरोबरीही पुरेशी होती. ब्राझीलचा गोलकीपर होता मोआसिर बार्बोसा. आधीच्या गोलाच्या वेळी उरुग्वेच्या घिज्जियाने उजवीकडून चेंडू मध्ये दिला होता. एकोणऐंशीव्या मिनिटाला तो पुन्हा त्याच बाजूने आला, बार्बोसा त्या पासच्या अंदाजाने किंचित पुढे सरकला आणि घिज्जियाने जवळच्या खांबाशेजारून चेंडू आत मारला. उरुग्वे २–१ असे जिंकले, आणि बार्बोसाला तो गोल २००० साली मरेपर्यंत ऐकवला गेला. फळ्यावर चौकट काढून, बार्बोसाचे पाय कुठे होते हे आपण दाखवलेत आणि विचारलेत, ‘आता सांगा, चुकला का?’ वर्ग दुभंगला. नंतर त्या मुलाने भुताबद्दल पुन्हा विचारले नाही. त्याने वहीत लिहिले, ‘ज्याचा सामना संपत नाही तो भूत होतो.’ हे वाक्य त्याचे आहे, आपण किंवा मी सुचवलेले नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र वेगळे आभार मानायला हवेत. या सगळ्या गोष्टीत मुलगी गोलकीपर का नाही, असे दोघींनी विचारले तेव्हा आपण विषय टाळला नाहीत. पुस्तकातली ही उणीव खरीच आहे, असे म्हणून आपण भारतीय संघाकडून खेळलेल्या गोलरक्षक आदिती चौहान यांच्याबद्दल सांगितलेत, २०१५ साली त्या इंग्लंडमध्ये वेस्ट हॅम या क्लबच्या महिला संघाकडून खेळल्या हे सांगितलेत आणि पुढच्या शनिवारी स्वतःच्या पिशवीतून लहान मापाचे दोन जोड ग्लोव्हज घेऊन आलात. त्या दोघी आता आपल्या पहाटेच्या सरावाला येतात. पहाटे पाचला उठण्यावरून घरी थोडी कुरकुर झाली होती. आपण दोघींच्या आयांना भेटून आलात, हे मला त्यांच्याकडूनच कळले.

मानधनाचे पाकीट आपण परत केलेत, त्यामुळे आम्ही दुसरे काही ठरवले आहे. आपण वाचलेली प्रत मी या पत्रासोबत पाठवत आहे. अवघड शब्दांखाली आपण पेन्सिलीने काढलेले बारीक ठिपके पुसायचे नाहीत असा मुलांनी ठराव केला, आणि मागच्या कोऱ्या पानावर एकवीस जणांनी आपापला एकेक प्रश्न लिहिला आहे. जुलैत पाऊस धरला आणि जमीन मऊ झाली की एखाद्या शनिवारी यावे. मुले त्या पानापासून सुरुवात करणार आहेत.

आपली कृतज्ञ,
वाचनगटाची शिक्षिका
पुणे