रिपोर्ट नॉर्मल, मग पुढे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

छातीत धडधडतंय म्हणून माणूस दवाखान्यात जातो, ईसीजी काढतात, थायरॉइड बघतात आणि सगळं नॉर्मल आलं की "काही नाही, टेन्शन घेऊ नका" म्हणून घरी पाठवतात, ह्याबद्दल लिहायचंय. अहो, हार्ट ठीक आहे एवढंच कळलं ना, त्रास तर होतोच आहे त्याला, आणि तो अँग्झायटीमुळे, म्हणजे मनातल्या सततच्या भीती-काळजीमुळे असू शकतो!

भीती वाटली की अंगात अ‍ॅड्रिनलिन हे हार्मोन वाढतं, ठोके वाढतात, मान-खांदे आखडतात, पोट बिघडतं. श्वास भराभर घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानेच बोटांना मुंग्या येतात नि गरगरतं, मग वाटतं की अटॅकच आला आणि भीती अजून चढते. हे नाटक नसतं, खरंच अंगात घडत असतं.

माझ्या धाकट्या भावाला हे लोकलमध्ये झालं. तेव्हापासून डोंबिवलीहून तो फास्ट गाडी पकडेनाच, स्लोनेच जायचा, का तर ती प्रत्येक स्टेशनला थांबते आणि वाटलं तर उतरता येतं. तेही दाराजवळच उभा राहणार, हातात पाण्याची बाटली. हळूहळू लग्नकार्यं टाळायला लागला, फोन उचलेना, झोप नाही, बारीकसारीक गोष्टींवरून आईवर चिडायचा. नातेवाईक म्हणाले आळशी झालाय, लग्न लावून द्या (ह्याचा फार राग येतो मला). टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं पण पुढच्या वेळी भीती आणखी मोठी होऊन येते, हे आम्हाला सायकॉलॉजिस्टनी समजावलं. आता सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) चालू आहे आणि ठाण्यापर्यंत फास्टने जातो, एकटा.

फॅमिली डॉक्टरांना कळकळीची विनंती आहे, रिपोर्ट नॉर्मल आला की "हे अँग्झायटीमुळे असू शकतं, त्यावर उपचार आहेत" हे एक वाक्य बोला आणि कुठे जायचं ते चिठ्ठीवर लिहून द्या. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन 2022 पासून आहे, नंबर 14416, मोफत, 24 तास, मराठीतही बोलतात. पण कितीजणांना माहितीये? बीपी-शुगरची पोस्टर्स असतात तसा हा नंबर दवाखान्यात आणि स्टेशनवर मोठ्या अक्षरात लावा, आणि तुम्हीही आरोग्याच्या पानावर दर आठवड्याला छापाल का?

आपली,
एक वाचक, डोंबिवली